‘थेरपिस्ट शोधा’ म्हणजे नेमकं काय करा? नैराश्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. त्यातली फी, गुण आणि आठवडे उदाहरणादाखल आहेत. औषधं, तपासण्या, कायदा आणि उपचारपद्धती यांची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे. औषधांची नावं आणि मात्रा समजण्यासाठी आहेत, स्वतःहून घेण्यासाठी नाहीत.

तक्रार पोटाची, डोक्याची, झोपेची

वय ४३. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात सुपरवायझर. पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका, मुलगी दहावीत. गाव निफाड तालुक्यात, भाऊ द्राक्षबाग बघतो. पगार २१,००० च्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे ईएसआय (कामगारांसाठीची सरकारी विमा योजना) लागू नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे.

पाच महिन्यांपूर्वी ग्राहक कंपनीने एक लॉट (तयार मालाची खेप) परत पाठवला. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही, पण याला लाइनवरून उचलून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. त्यानंतर ॲसिडिटी सुरू झाली. डोकं जड राहू लागलं. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि नंतर डोळा लागायचा नाही. सकाळ सगळ्यात वाईट जायची, संध्याकाळी थोडं हलकं वाटायचं. मुलीची गणितं घेणं बंद झालं, गोल्फ क्लब मैदानावरचं सकाळचं चालणं बंद झालं, मित्रांचे फोन वाजून थांबू लागले. जेवणात मीठ कमी म्हणून ताट सरकवण्याइतकी चिडचिड वाढली. बायकोचं म्हणणं एवढंच: “घरात असतात, पण नसल्यासारखे.”

“मी उदास आहे” असं तो एकदाही म्हणाला नाही. पुरुषांच्या नैराश्यात हे फार दिसतं. दुखणं शरीराच्या आणि रागाच्या रूपाने पुढे येतं आणि घरातले त्यावर ‘स्वभाव बदलला’ असं लेबल लावतात. निदानासाठी मात्र ‘उदास’ हा शब्द लागतच नाही. मन खिन्न असणं किंवा कशातच रस न वाटणं, या दोहोंपैकी एक, आणि त्यासह झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थता आणि मरणाचे विचार या यादीतली मिळून किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, जवळपास रोज, आणि कामावर किंवा घरात त्यांचा परिणाम दिसेल इतकी. याच्याकडे सहा होती.

पहिले चार महिने कुठे गेले

फॅमिली डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं, “टेन्शन घेऊ नका” म्हणाले. महिनाभराने एमडी फिजिशियनकडे गेले. त्यांनी हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि बी-१२ तपासलं. या तपासण्या योग्यच होत्या. थायरॉईड मंदावलं असेल किंवा रक्त कमी असेल तर थकवा आणि मरगळ हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. थायरॉईड ठीक निघालं, बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं इतकं सर्रास आहे की तेवढ्यावर शोध थांबवू नये. इथे तो थांबला. “कारण सापडलं” या समाधानात सहा आठवडे गेले.

झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम दिली होती, १५ दिवसांसाठी. तीच चिठ्ठी दाखवून ती तीन महिने चालू राहिली. ‘डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते’ ही जी भीती घराघरात आहे, तिचं मूळ बरेचदा इथे असतं. सवय लागते ती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गटाची. नैराश्यासाठी आज पहिल्यांदा दिली जाणारी एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधं वेगळ्या गटातली आहेत. ती अचानक सोडली तर काही दिवस, कधी काही आठवडेही त्रास होऊ शकतो, पण मात्रा वाढवत नेण्याची ओढ त्यांनी लागत नाही. मेडिकलमधून आणलेल्या दोन्ही पट्ट्या घरात एकाच डब्यात पडतात आणि बदनामीही दोघींची एकत्रच होते.

त्यानंतर पत्नीने ‘समुपदेशन’ असा बोर्ड असलेलं एक केंद्र गाठलं. तिथे दोन भेटी झाल्या. सकारात्मक विचार करा, रोज आभाराच्या पाच गोष्टी लिहा, गोळ्या आजपासून बंद. वही दोन दिवस लिहिली गेली, मग कोरी राहिली, आणि त्या कोऱ्या पानांनी “हेही आपल्याला जमत नाही” हा निष्कर्ष पक्का केला. खरं नुकसान गोळी एकदम थांबवल्याने झालं. तीन रात्री झोप नाही, हात थरथरणं, छातीत धडधड. तीन महिने चाललेली क्लोनाझेपाम एका दिवसात बंद करणं धोक्याचं आहे, काहींना फिटही येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरी-पायरीनेच उतरवायची असते. औषध सुरू करण्याचा किंवा बंद करण्याचा सल्ला देणारा माणूस डॉक्टर नसेल, तर त्या खुर्चीवरून लगेच उठावं.

दुसरा प्रयत्न ॲपवरून झाला. थेरपिस्ट शिकलेली होती, कामाची होती, पण बोलणं इंग्रजीत. कारखान्यात याला इंग्रजी रिपोर्ट लिहायची सवय, त्यामुळे तो सत्रातही रिपोर्टच देत राहिला: काय झालं, कधी झालं, कोण जबाबदार. शिवाय दोन खोल्यांच्या घरात दार लावून बोलायची सोय नाही म्हणून सत्रं पार्किंगमध्ये, गाडीत बसून. तीन आठवड्यांत सोडून दिलं. दोष दोघांचाही नव्हता, मांडणीच चुकलेली होती. ऑनलाइन थेरपी चालते, नैराश्यातही चालते, पण त्यासाठी आपली भाषा आणि ५० मिनिटं कुणी ऐकणार नाही अशी जागा, या दोन गोष्टी आधी हव्यात.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शोधाशोध करायला जे लागतं, म्हणजे उत्साह, निर्णय, फोन उचलून अनोळखी माणसाशी बोलणं, नेमकं तेच नैराश्य काढून घेतं. म्हणून ‘तू स्वतः पुढाकार घे’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. शोध घरातल्या दुसऱ्या माणसाने करावा. निवड आणि होकार रुग्णाचा असावा. या प्रकरणाला वळण मिळालं ते कामाची अशी वाटणी झाल्यावर.

एक फोन, आणि एक प्रश्न

रात्री दहाच्या सुमारास पत्नीने १४४१६ वर फोन लावला. हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक. सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फोन निःशुल्क, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि घरातलं माणूसही फोन करू शकतं. समोरच्या समुपदेशकाने लक्षणं ऐकली आणि विचारलं, “त्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का? तुम्ही विचारलंय?”

विचारलं नव्हतं. विचारल्याने विचार डोक्यात शिरेल, या भीतीने बहुतेक घरांत विचारलं जात नाही. ही भीती निराधार आहे. थेट, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. विचारायचं ते सरळ शब्दांत. “असं काही वेडंवाकडं मनात नाही ना आणत?” या प्रश्नाला एकच उत्तर येतं, ‘नाही’. तिने दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारलं, “जगू नये असं वाटतं का तुम्हाला?” उत्तर आलं, “सकाळी उठलोच नाही तर बरं, असं वाटतं. पण मी काही करणार नाही.”

मरणाची इच्छा आहे, बेत नाही. या दोन पायऱ्यांत फरक आहे, पण पहिलीही थांबून राहण्यासारखी नाही. बेत ठरलेला असता, साधन जवळ असतं किंवा पूर्वी प्रयत्न झालेला असता, तर त्याच दिवशी रुग्णालय आणि तोवर माणूस एकटा नको, हाच सल्ला. इथे दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. तो नको म्हणत होता. तिने वाद घातला नाही, “झोपेसाठी दाखवू, गोळी नीट उतरवायला हवी” एवढंच म्हणाली. ते खोटं नव्हतं.

मानसोपचारतज्ज्ञांकडची पहिली भेट

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, चाचण्या घेतात, औषध लिहीत नाहीत. मध्यम ते तीव्र नैराश्यात बरेचदा दोघंही लागतात, आणि कुणाकडे आधी गेलं यापेक्षा दोघं एकमेकांशी बोलतात का, याला महत्त्व जास्त.

भेट चाळीस मिनिटं चालली. अर्धा वेळ एकट्याशी, नंतर पत्नीसह. दोन प्रश्न असे होते की त्यांची अपेक्षा घरच्यांना नव्हती. पहिला: आयुष्यात कधी असे दिवस आले का, की दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं भरभर, खर्च अवाच्या सवा, आपण काहीही करू शकतो असं वाटणं? हा बायपोलर आजाराचा माग, ज्यात खिन्नता आणि अतिउत्साह आलटूनपालटून येतात. तो असेल तर नुसतं नैराश्याचं औषध दिल्याने माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. दुसरा: दारू किती? शनिवारी एक क्वार्टर, अलीकडे बुधवारीही. दारूने झोप लागल्यासारखी वाटते पण पहाटेची जाग वाढते, आणि क्लोनाझेपामसोबत ती घेणं सरळ धोक्याचं. डॉक्टरांनी व्याख्यान दिलं नाही. गोळी उतरेपर्यंत दारू पूर्ण बंद, हे लिहून दिलं.

पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. ती मराठीत आहे, मोफत आहे. याला १७ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. एकूण बेरीज कमी आली तरी तिथे शून्याव्यतिरिक्त काही असेल तर त्यावर वेगळं बोलावंच लागतं. ही प्रश्नावली निदान करत नाही, तापमापकासारखी पातळी सांगते. पुढे दर काही आठवड्यांनी तीच भरत गेल्याने चाललेल्या उपचारांचा खरा हिशेब राहिला.

औषध ठरलं: एस्सिटॅलोप्राम, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. क्लोनाझेपाम पुन्हा थोड्या मात्रेत सुरू करून सहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बंद. जाताना सांगितलं ते महत्त्वाचं: पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता, पोट बिघडणं होऊ शकतं आणि ते सहसा ओसरतं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. अस्वस्थता फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन. गोळी लैंगिक इच्छेवर परिणाम करू शकते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. हे न सांगितल्यामुळे कित्येक पुरुष दोन महिन्यांनी गुपचूप गोळी सोडतात आणि घरी कारण सांगत नाहीत.

त्याच दिवशी सुरक्षेचा आराखडा कागदावर लिहिला गेला. धोक्याची खूण कोणती (पहाटे जाग आल्यावर “मी सगळ्यांवर ओझं” हा विचार फिरू लागणं), स्वतः काय करायचं (अंथरुणातून उठणं, दिवा लावणं, रेडिओ), कुणाजवळ जाऊन बसायचं, कुणाला नेमकं सांगायचं (पत्नी, भाऊ), कोणता डॉक्टर, कोणता क्रमांक. शेवटचा मुद्दा घर सुरक्षित करण्याचा. गावच्या घरी फवारणीची औषधं ओसरीतच असत. भावाने ती कुलपात ठेवली, किल्ली भावजयीकडे गेली. घरातल्या गोळ्यांचा डबा पत्नीच्या कपाटात. ही पायरी अनेक घरांना अपमानास्पद वाटते, पण आत्महत्या टाळण्याच्या उपायांत साधन हाताशी नसणं हा सगळ्यात भरवशाच्या उपायांपैकी एक आहे. जीव द्यायची लाट बरेचदा थोड्या वेळाची असते, आणि ती ओसरेपर्यंत हाताला काही लागू नये एवढंच यातून साधायचं असतं.

चार फोन

थेरपीसाठी डॉक्टरांनी तीन नावं दिली, शाळेतल्या सहकारी बाईंनी एक. पत्नीने चौघांना फोन केले आणि एकच कागद समोर ठेवून तेच प्रश्न विचारले. शिक्षण काय? आरसीआय नोंदणी आहे का? नैराश्यासाठी कोणत्या पद्धतीने काम करता? साधारण किती सत्रं? सुधारणा कशी मोजता? मानसोपचारतज्ज्ञांशी बोलता का? मरणाचे विचार असतील तर काय करता? फी किती, सत्र रद्द झालं तर काय? मराठीत बोलता ना?

आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. तिचा कायदा १९९२ चा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला तिची नोंदणी लागते, आणि नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक मागितल्याचा राग येणारा माणूस आपला नव्हे. ‘काउन्सेलर’, ‘लाइफ कोच’ ही बिरुदं मात्र कुणीही लावू शकतो. मानसशास्त्रात एमए करून समुपदेशन करणारे पुष्कळ जण आरसीआयच्या यादीत नसतात, त्यातले कित्येक उत्तम काम करतात. तिथे विचारायचं ते असं: नैराश्याचे रुग्ण किती बघितलेत, आणि तुमच्या कामावर कुणाची देखरेख असते?

पहिल्या फोनवर उत्तर आलं, “तीन सत्रांत बरे होतील, खात्री देते.” नाव कटलं. दुसरे म्हणाले, “मी सगळ्या पद्धती वापरतो, रुग्णाप्रमाणे.” हे वाक्य वाईट नाही, पण पहिल्या महिन्यात काय करणार असं विचारल्यावर पुढे काही आलं नाही. तिसऱ्या बाई फार चांगल्या वाटल्या, पण वेळ सात आठवड्यांनी. चौथे, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणाले, “पहिली दोन सत्रं समजून घेण्यात जातील. मग बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे टाळलेल्या गोष्टी थोड्या-थोड्या पुन्हा करणं, त्यानंतर गरजेप्रमाणे सीबीटी, म्हणजे विचार तपासून बघण्याची पद्धत. बारा ते सोळा सत्रं धरा. चौथ्या आणि आठव्या सत्राला प्रश्नावली भरू. काहीच हललं नाही तर डॉक्टरांशी बोलून बेत बदलू. नाहीच जमलं तर दुसरं नाव देईन.” फी १,२०० रुपये, ५० मिनिटं, २४ तास आधी कळवलं तर रद्द केल्याची फी नाही.

निवड त्याने केली. त्याला पटली ती मोजण्याची गोष्ट. क्वालिटीचा माणूस.

सोळा सत्रांचे १९,२०० रुपये ही या घराला जड पण झेपणारी रक्कम होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. पण बहुतेक पॉलिसींत पैसे मिळतात ते भरती झाल्यावर. ओपीडी शरीराच्या आजारालाही नसते, म्हणून थेरपीलाही नाही. कंपनीच्या पॉलिसीत तेच लिहिलेलं होतं. फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा विभाग. औषधोपचार तिथे चांगला होतो. अडचण येते ती दर आठवड्याला पन्नास मिनिटं मिळण्याची. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, यांच्याही बाह्यरुग्ण विभागात जाता येतं. ‘मनोरुग्णालय’ या पाटीला बिचकून लोक जात नाहीत, पण तिथे बाहेरच्या बाकावर बसलेल्यांत अशाच तक्रारींचे लोक पुष्कळ असतात.

सत्रांत काय झालं

पहिल्या सत्रात गोपनीयतेचा करार झाला. इथलं इथेच राहील. अपवाद जीवाला धोका असेल तर, आणि त्या वेळी कुणाला सांगायचं तेही आजच ठरवू. कंपनीला काही कळेल का, हा त्याचा खरा प्रश्न होता. संमतीशिवाय कळवता येत नाही, तो हक्क कायद्याने दिलेला आहे.

दुसऱ्या सत्रात एक तक्ता मिळाला. दर तासाला काय केलं आणि मनःस्थिती ० ते १० मध्ये किती. आठवड्याने दिसलं की दिवसाचे सरासरी चार तास मोबाइल हातात घेऊन आडवं पडण्यात जात होते आणि तिथे गुण २ च्या वर नव्हते. एकदा शेजाऱ्याची स्कूटर चालू करून दिली तेव्हा ५ होते. ती ओळ त्याने स्वतः लिहिली होती, पण लक्षात नव्हती.

बिहेवियरल ॲक्टिव्हेशनचं म्हणणं सोपं आहे. वाईट वाटतं म्हणून माणूस गोष्टी टाळतो, टाळल्याने समाधानाचे प्रसंग कमी होतात, त्याने आणखी वाईट वाटतं. हे चक्र ‘वाटण्या’च्या बाजूने तुटत नाही, ‘करण्या’च्या बाजूने तुटतं. इच्छा मागून येते. पद्धत साधी असली तरी तिला पुरावा आहे. गोव्यात ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण आणि देखरेख असलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ सत्रं देऊन पाहिली. ४९५ रुग्ण होते. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांचं नैराश्य उतरलेलं होतं, नेहमीच्या सुधारित उपचारांच्या गटात ३९ टक्के. मघाच्या त्या केंद्रापेक्षा हे समुपदेशक वेगळे कशाने? पदवीने नाहीच. लेखी पद्धत, देखरेख आणि मोजमाप, या तिन्हींनी.

पहिला गृहपाठ फसला. रोज पाऊण तास चालायचं ठरलं होतं, सात दिवसांत एकदाही झालं नाही. नैराश्यातला माणूस बरा असतानाच्या मापाने बेत करतो, आणि थेरपिस्टही कधीकधी त्या उत्साहाला भुलतात. चौथ्या सत्रात बेत छाटला. मंगळवार आणि शुक्रवार, ६.४० ला, दहा मिनिटं, बूट रात्रीच दाराशी, पाऊस असेल तर जिन्यात. जाण्याआधी ‘किती बरं वाटेल’ याचा अंदाज लिहायचा, आल्यावर प्रत्यक्ष गुण. अंदाज १, प्रत्यक्ष ३. पुढच्या वेळी अंदाज १, प्रत्यक्ष ४. हा फरक वहीत सात-आठ वेळा दिसल्यावर “काही उपयोग नाही” या वाक्यावरचा त्याचा विश्वास ढिला झाला. मग मुलीचं एक गणित, एकच. मग एका मित्राला फोन, तीन मिनिटांचा. चौथ्या सत्राला पीएचक्यू-९ चे गुण १४.

सहाव्याला १५. इथे बहुतेक लोक सोडतात. तो आठवडा तिसऱ्या पाळीचा होता, झोपेची घडी विस्कटली होती, आणि आदल्या सत्रात परत आलेल्या लॉटबद्दल तो पहिल्यांदाच सविस्तर बोलला होता. त्याने घरी सांगितलं, “बोलून उलट जास्तच होतंय. पैसे वाया.” आणि नवव्या दिवशी मळमळीमुळे एक गोळी चुकवली, त्यानंतर चार दिवस घेतलीच नव्हती, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे औषधाचे सहा आठवडे खऱ्या अर्थाने पाचच झाले होते. ही बातमी थेरपिस्टकडून डॉक्टरांकडे गेली, गोळी जेवणानंतर घ्यायची ठरली. पाळीसाठी डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं: वैद्यकीय कारणास्तव आठ आठवडे पहिली पाळी आवश्यक. निदान लिहिलं नाही, लिहिण्याची गरजही नव्हती. कंपनीने पाळी दिली, कुजबूज थोडी झाली.

सत्रानंतर एखाद-दोन दिवस जड जाणं चालतं. तीन-चार सत्रं सलग उतरतीच लागली, किंवा थेरपिस्टसमोर आपल्याला लाज वाटते, ऐकलं जात नाही असं वाटलं, तर ते सत्रातच बोलायचं. न बोलता गायब होणं सोपं, पण मग नव्या माणसाकडे पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. यानेही सांगितलं: “तुम्ही फार लवकर पुढच्या विषयावर जाता.” थेरपिस्टनी मान्य केलं, पुढच्या सत्रात एकच विषय घेतला.

विषय तोच, लॉट. “माझ्यामुळे झालं.” सीबीटीत विचाराशी भांडत नाहीत, तपासतात. कागदावर वर्तुळ काढलं. या घटनेला जबाबदार असलेल्या गोष्टींची यादी आधी, प्रत्येकीचा वाटा टक्क्यांत, आणि स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. गेजचं (मोजमापाच्या साधनाचं) कॅलिब्रेशन लांबलेलं होतं, ते टूल रूमचं काम. त्या पाळीत एक इन्स्पेक्टर कमी. डिस्पॅचची घाई वरून आलेली. ड्रॉइंगमधला बदल उशिरा पोचला. स्वतःकडे उरले २५ टक्के. शून्य उरले नाहीत, आणि ते शून्य करण्याचा प्रयत्नही झाला नाही. “तुमची काही चूक नाही” असं घरचे पाच महिने सांगत होते आणि ते त्याला पटत नव्हतं, कारण ते खरं नव्हतं. पंचवीस टक्के पटले.

दहाव्या सत्राला ९ गुण, जवळपास निम्मे. सुरुवातीचे गुण निम्म्याने कमी होणं म्हणजे उपचार लागू पडला असं मानतात. पाचच्या खाली गेलं की लक्षणं गेली. बाराव्यानंतर सत्रं पंधरा दिवसांनी, सोळावं महिन्याने. तेव्हा गुण ५.

नंतर

शेवटच्या दोन सत्रांत पुन्हा घसरण झाली तर ती ओळखायची कशी, यावर काम झालं. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना ते पुन्हा येतं. याच्या खुणा ठरल्या: सलग तीन पहाटे चारच्या आधी जाग, मित्राचा फोन टाळणं, रविवारी अंघोळ दुपारवर जाणं. यातल्या दोन दिसल्या तर चालणं आणि तक्ता त्याच आठवड्यात सुरू, दोन आठवड्यांत फरक नाही तर सत्र. खुणा पत्नीलाही माहीत आहेत, पण रोज विचारायचं नाही असंही ठरलं. “आज कसं वाटतंय?” हा प्रश्न दिवसातून चार वेळा आला की घरात पोलीस चौकी होते.

ती स्वतः या काळात थकली होती. इतक्या महिन्यांत तिची झोप कुणी विचारली नव्हती. तेराव्या सत्राला थेरपिस्टनी दोघांना एकत्र बोलावलं आणि तिच्यासाठी वेगळं नाव दिलं, स्वतःकडे घेतलं नाही. एकाच घरातल्या दोघांवर एकाच थेरपिस्टने वेगवेगळे वैयक्तिक उपचार करणं टाळतात, ते यासाठी की कुणाचं गुपित कुठे ठेवायचं हा पेच पडू नये.

बरं वाटल्यावर त्याने गोळी बंद करण्याबद्दल विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, लक्षणं गेल्यानंतर किमान सहा ते नऊ महिने तीच मात्रा, मग काही आठवड्यांत कमी करत बंद, आणि मुलीची बोर्डाची परीक्षा किंवा कामातला मोठा बदल चालू असताना तो प्रयोग नको. परीक्षा मार्चमध्ये. कमी करण्याची तारीख जूनची पडली आहे. कागदपत्रांच्या टेबलावरून लाइनवर परत जाण्याचा अर्ज त्याने अजून दिलेला नाही, तो मसुदा महिन्याच्या सत्रासाठी ठेवला आहे.